‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प बसले

पत्र:

मावशी, नमस्कार. मी पलूस तालुक्यातल्या एका गावातली, वय 25. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलंय. सध्या एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या वर्षभरात साठ-सत्तर ठिकाणी अर्ज केले. निम्म्यांकडून काहीच नाही, बाकीच्यांचे ठरलेले मेल. शिरवळच्या एका कंपनीनं मात्र मुलाखतीला बोलावलं. पहाटे निघून गेले. तासभर मुलाखत झाली, लॅब दाखवली, ‘आठ दिवसांत कळवतो’ म्हणाले. महिनाभर मी फोन उशाशी घेऊन झोपले. मग मेल आला, त्याची सुरुवातच ‘डिअर फर्स्ट नेम’. म्हणजे माझं नाव भरायचंसुद्धा राहून गेलं होतं. खाली भावी वाटचालीला शुभेच्छा. तेव्हापासून कुठं अर्जच करावासा वाटत नाही. मी त्यांना एक खरमरीत उत्तर लिहून ठेवलंय. पाठवू का? एवढ्या मोठ्या कंपनीला दोन ओळी धड लिहायला काय होतं? सोबत माझा बायोडाटा जोडलाय, बघाल का? माझं नाव छापू नका.

ता. क. घरी स्थळंही बघतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा-बारा मुलांची माहिती येऊन पडलीय. आई म्हणते, उत्तरं दे. पण माझं कशात मनच लागत नाही. तो विषय वेगळा, नंतर कधीतरी लिहीन.

उत्तर:

नाव छापू नका म्हणालीस, म्हणून इथं लिहीत नाही. पण ते समोर ठेवूनच हे लिहायला बसलेय.

विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. ते खरमरीत पत्र पाठवू नकोस. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय ते बघ, बहुतेक ‘नो-रिप्लाय’ असं काहीतरी असेल. त्या पत्त्याला कुणी वाली नसतो. रात्र जागून लिहिलेली वाक्यं ‘पोचलं नाही’ म्हणून तुझ्याच इनबॉक्समध्ये परत येतील आणि आणखी चिडचिड होईल. वाक्यं फारच चांगली जमली असतील तर मला पाठव. मी चहा घेत वाचीन.

राग मात्र मला पटला. फक्त त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गुंतवळ झालीय. साठ-सत्तर अर्जांना उत्तर न येणं ही एक गोष्ट आणि शिरवळ ही दुसरी. पहिलीबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस, दुसरीबद्दल खुशाल घे.

पोर्टलवर ‘अप्लाय’चं बटण दाबायला दहा सेकंद लागतात. तुला लागतात तसे बाकीच्यांनाही. त्यामुळे एका जागेला अर्जांचा ढीग पडतो आणि त्यावर पहिली चाळणी सॉफ्टवेअर लावतं. जाहिरातीतले शब्द अर्जात आहेत का, अनुभवाची वर्षं जुळतात का, एवढंच ते बघतं. कितीदा तर जाहिरात निघते तेव्हाच आतला माणूस ठरलेला असतो. कधी जागा मंजूर होते, जाहिरात निघते आणि वरून कुणीतरी ‘होल्ड’ म्हणतं. जाहिरात तशीच राहते, अर्ज येतच राहतात आणि बघणारं कुणी नसतं. यात तुझी परीक्षा कुठं झाली? तुझ्या अर्जाचा कागद बहुतेक ठिकाणी कुणी उघडलेलाच नाही.

छापील नकार काही कॉम्प्युटरनं आणलेला नाही, बरं का. तू ज्या किर्लोस्करवाडी स्टेशनावरून येत-जात असशील, तिथून एके काळी मराठीतली मोठी मासिकं निघायची. ‘किर्लोस्कर’ 1920 पासून, ‘स्त्री’ 1930 पासून, ‘मनोहर’ 1934 पासून. त्या काळच्या लेखकांचा रिवाज असा, की कुठल्याही मासिकाला कथा पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीटही पाठवायचं. म्हणजे नकाराचा टपालखर्चसुद्धा आपलाच! कथा पसंत नसली की त्याच पाकिटातून ‘साभार परत’. बहुतेकांना तेवढंच मिळायचं. कारणं लिहून कळवणारे संपादक थोडे, आणि म्हणूनच त्यांची नावं राहिली. मुंबईत ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत नव्या लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे, हे आजही सांगितलं जातं. अशा लेखकांपैकी कितीजणांचं लेखन परत आलं असेल, पण पत्रं त्यांनी जपून ठेवली.

आता तुझा दुसरा प्रश्न, दोन ओळी लिहायला त्यांना काय होतं?

याचं उत्तर मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं माहीत आहे. मी नोकरीची बरीच वर्षं कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आस्थापना विभागात काढली. जाहिरात दिली की टपाल पोत्यानं यायचं. एकेक पाकीट फोडायचं, आवक रजिस्टरला नंबर टाकायचा, अर्जाच्या कोपऱ्यात तोच नंबर लाल पेनानं लिहायचा, मग फाइल. आमचे तेव्हाचे साहेब जुन्या वळणाचे होते. आवक नंबर पडलाय त्याला जावक नंबर पडलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यामुळे मुलाखत होऊन न घेतलेल्या प्रत्येकाला पोस्टकार्ड जायचं. मजकूर तीन ओळींचा: आपण आलात, आभारी आहोत, या जागेसाठी दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली, आपली कागदपत्रं परत पाठवत आहोत. खाली खरी सही. शिक्का मारलेली सही त्यांना चालायची नाही.

आता या कार्डांचं पुढं काय व्हायचं ते ऐक. काहीजण कार्ड घेऊन थेट गेटवर यायचे. ‘माझं काय कमी पडलं ते सांगा.’ एकजण पुढाऱ्याची चिठ्ठी घेऊन आला होता. दुसरा म्हणाला, निवड झालेल्याची मार्कलिस्ट दाखवा, त्याशिवाय हलत नाही. तासन्‌तास जायचे त्यात. नंतर जे साहेब आले त्यांनी पहिल्याच आठवड्यात कार्डं बंद केली. ‘गप्प बसलं की लोक आपोआप समजतात,’ हे त्यांचं म्हणणं. कंपन्या गप्प का बसतात याचं खरं कारण हे आहे. वेळ नसतो असं काही नाही. ‘नाही’ म्हटलं की वाद अंगावर येतो आणि गप्प बसलं की येत नाही, हा साधा हिशोब. यात आपल्या लोकांचाही वाटा आहे, हे मला नाकारता येत नाही.

पण त्याच गेटवर एकदा तासगावकडचे एक गृहस्थ आले होते. मुलाला कार्ड गेलेलं. मला वाटलं, आता भांडण. ते म्हणाले, ‘बाई, बरं झालं कळवलंत. पोरगं तुमच्याच भरवशावर बसलं हुतं, दुसरीकडं जाईना झालं हुतं. आता जाईल.’ एवढं बोलून बाहेरच्या टपरीवर चहा प्यायले आणि एसटीनं गेले.

नकार कळवण्याचा खरा उपयोग या माणसानं सांगितला. समोरच्याला बरं वाटावं हा भाग त्यात फार थोडा आहे. नकार काही गोड लागत नाही, कितीही साखर घाला. पण कळलं की माणूस मोकळा होतो. तू महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपलीस, त्या महिन्यात किती अर्ज केलेस? मला वाटतं, एकही नाही. शिरवळवाल्यांनी तुझं नुकसान केलं ते इथं. ‘फर्स्ट नेम’ हा गबाळेपणा झाला, हसून सोडून दे. ‘आठ दिवसांत’ म्हणून महिना लावला, त्याचा राग धर.

म्हणून शिरवळबाबत एक कर. तुला लॅब कुणी दाखवली? त्यांचं नाव तुझ्याकडे असेल, नसेल तर कंपनीत फोन करून विचार. त्या माणसाला, त्याच्या नावानं, चार ओळी लिही. टोमणा नको, रडगाणं नको. असं काहीतरी:

‘अमुक तारखेच्या मुलाखतीच्या वेळी आपण लॅब दाखवलीत, त्याबद्दल आभार. निवड झाली नसल्याचा मेल मिळाला. तांत्रिक भागात मी कुठं कमी पडले हे एका ओळीत कळवू शकलात तर पुढच्या तयारीला उपयोग होईल. नाही जमलं तरी हरकत नाही.’

हे इंग्रजीत लिहिणार असशील तरी एवढंच लिही. शेवटचं वाक्य गाळू नकोस, त्यानं समोरच्याची वादाची भीती जाते. उत्तर येईल न येईल. पण तुझी गाठ आता एका माणसाशी पडेल, मेल पाठवणाऱ्या यंत्राशी नाही, आणि लॅबवाले एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जातच असतात.

तू विचारशील, कळवलं पाहिजे असा कायदा नाही का? सरकारकडे आहे. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा घे. अर्ज केला की 30 दिवसांत उत्तर द्यायचं. माहिती नाकारायची तर कारण लिहायचं, अपील कुणाकडे आणि किती मुदतीत करायचं तेही सांगायचं. आपल्या राज्याच्या लोकसेवा हक्काच्या 2015 च्या कायद्यातही अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. बँकेनं कर्ज नाकारलं तर कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगून ठेवलंय. खासगी कंपनीनं नोकरी नाकारताना मात्र असं काही बंधन नाही. तिथं सगळी भिस्त त्या टेबलावरच्या माणसाच्या वळणावर.

पण माहिती अधिकाराच्या कायद्यातली एक तरतूद मला तुझ्यासाठी उचलावीशी वाटते. 30 दिवसांत उत्तर आलंच नाही, तर ते नाकारलं असंच धरायचं. अर्जदारानं वाट बघत बसायचं नाही, पुढच्या पायरीला लागायचं. हा नियम तू आजपासून स्वतःच्या अर्जांना लाव. दोनशे पानी वही घे. अर्ज कधी केला, कुठं, कुणाच्या नावे, विचारणा कधी करायची आणि शेवटचा रकाना ‘बंद’. मुलाखत झाली असेल तर त्यांनी दिलेली मुदत संपल्यावर दोन-तीन दिवसांनी एकदा विचार. एकदाच. तरी गप्प असतील तर तारीख टाक आणि स्वतःच्या हातानं ‘बंद’ लिही. त्यांनी दार उघडं ठेवलंय की लावलंय याचा विचार करायचा नाही, तू लावून घ्यायचं. पुढं कधी बोलावलंच तर जाता येतंच की.

आता ता. क. कडे येते. तो विषय वेगळा आहे, असं लिहिलंयस. मला नाही तसं वाटत.

दहा-बारा घरांनी तुझ्या आईकडे माहिती पाठवलीय. फोटो, शिक्षण, पगार, शेती किती, मामा कुठले. त्यातल्या काही घरांत या क्षणी तुझ्या फोनची वाट बघणं चालू आहे. मुलगा म्हणत असेल, ‘जाऊ दे, आई, नसेल पसंत.’ आई म्हणत असेल, ‘निळी टिक आलीय, बघितलंय त्यांनी.’ आणि तुला ठाऊकच आहे, हल्ली आपल्या भागात शेती करणाऱ्या किंवा गावात राहणाऱ्या मुलांची लग्नं जुळताना काय हाल होतात ते. त्या घरांना अशी गप्प बसलेली स्थळं किती आली असतील, मोज.

तुला बोल लावायचा म्हणून हे लिहीत नाही. तुझ्या मनाची अवस्था मला कळते. फक्त हे काम तुझ्या हातातलं आहे, शिरवळचं नाही. आणि खरं सांगू, याला अर्धा तास पुरे.

यात एक फरक मात्र कर. ओळखीतून, मध्यस्थामार्फत किंवा वधू-वर मंडळातून रीतसर आलेल्या स्थळांना उत्तर द्यायचं. कुठल्याशा अ‍ॅपवरून अनोळखी माणूस ‘हाय डिअर’ करत असेल तर त्याला काहीही देणं लागत नाहीस तू. ब्लॉक कर आणि विसर.

आमच्या वेळी यावर एक हुकमी तोडगा होता, ‘पत्रिका जुळत नाही’. लोक त्याला खोटेपणा म्हणतात. मी तरी त्याला नावं ठेवत नाही. मुलीच्या रंगावर, मुलाच्या उंचीवर, कुणाच्या घरावर बोट न ठेवता दोन्ही घरं सहीसलामत बाहेर पडायची, दोष सगळा मंगळावर. मंगळाची काही तक्रार नव्हती. पण आता ती सोय राहिली नाही. मोबाइलवर दोन मिनिटांत गुणमेलन होतं. तुम्ही ‘जुळत नाही’ म्हणालात की पलीकडून स्क्रीनशॉट येतो, ‘36 पैकी 28 गुण जुळतायत, पुन्हा बघा.’ म्हणून ग्रहांना मध्ये घेऊ नकोस. कारणही देऊ नकोस. नोकरीच्या नकारात कारण कामाचं असतं, ते सुधारता येतं. स्थळाच्या नकारात कारण दिलं की ते माणसाच्या अंगाला चिकटतं. तिथं नुसतं ‘नाही’ हेच सभ्य.

आईला सांग, किंवा तूच आईच्या फोनवरून लिही. ज्यांनी पाठवलंय त्यांच्या नावानं, प्रत्येकाला वेगळं:

‘नमस्कार काका. आपण विश्वासानं माहिती पाठवलीत, आभारी आहोत. घरात विचार केला, योग दिसत नाही. उत्तराला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. फोटो आणि पत्रिका आम्ही पुढं कुणाला पाठवलेली नाही, फोनमधून काढून टाकली आहे. आपल्याकडे लवकरच शुभकार्य ठरो.’

फोटोचं वाक्य हवंच. पूर्वी नकार कळवताना फोटो आणि पत्रिका पाकिटात घालून परत करायची पद्धत होती, आणि ती फार शहाणपणाची होती. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो आपल्या कपाटात कशाला? आता परत करण्यासारखं काही नसतं, तर पुसून टाकल्याचं कळवायचं. आणि खरोखर पुसायचं. तुझाही बायोडाटा आणि फोटो किती ग्रुपांवर फिरत असेल याचा विचार कर, म्हणजे पटेल.

‘बघू’, ‘कळवतो’, ‘सध्या थांबलोय’ हे शब्द नकोत. एखादं स्थळ बघायचं असेल तर ते बाजूला ठेव, आणि ‘अमुक तारखेपर्यंत सांगतो’ असं कळवून ती तारीख पाळ. कुणी उलट फोन करून ‘का हो?’ विचारलंच, तर आईनं एवढंच म्हणायचं, ‘मुलीचा विचार नाही, काका.’ दुसऱ्यांदा विचारलं तर हेच दुसऱ्यांदा. अशी पाच-सहा उत्तरं पाठवून झाली की शिरवळचा तो मेल कुणी आणि कसा पाठवला असेल, याचाही अंदाज येईल तुला. रांगेनं नकार लिहायचा कंटाळा येतोच. म्हणून तर नाव भरायचं राहून जातं.

राहिला तुझा नोकरीचा बायोडाटा. तो दोनदा वाचला. पहिलं अर्धं पान ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक काम करण्याची इच्छा’, मेहनती स्वभाव, वाचन, रांगोळी. दुसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात, एम.एस्सी.चा प्रोजेक्ट: तासगावच्या बेदाण्यावरची बुरशी. अगं, हे खाली का? सांगली जिल्ह्यात राहून बेदाण्यावरची बुरशी तू प्लेटवर वाढवून ओळखलीयस, हीच तुझी पहिली ओळ. त्याखाली हातानं काय काय केलंयस ते लिही: प्लेट काउंट, कोलिफॉर्म, यीस्ट-मोल्ड, दुधाची मिथिलीन ब्ल्यू चाचणी, जे खरंच येतं तेवढंच. हळद निर्यात करणाऱ्याला 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला हे रोगजंतू नसल्याचं दाखवावं लागतं, त्याला ‘मेहनती’पेक्षा ‘साल्मोनेलाची चाचणी केली आहे’ हे वाचायचं असतं. केली नसशील तर एखाद्या लॅबमध्ये महिनाभर फुकट उभी राहून शीक, मग लिही.

आणि सगळे अर्ज पुण्याकडंच का? तुझ्या घरापासून तासाभराच्या आत साखर कारखाने आहेत. ज्यांची डिस्टिलरी आहे त्यांना मळीच्या आंबवणीवर, यीस्टवर लक्ष ठेवायला आणि सांडपाण्याच्या प्लँटला तुझ्यासारखं माणूस लागतं. डेअऱ्या आहेत, हळद आणि बेदाण्याचे प्रक्रिया करणारे आहेत. कारखान्यांची अग्निप्रदीपनं, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवणं, दसऱ्याच्या आगेमागे होतात, हंगामी लॅबची माणसं त्याआधी ठरतात. म्हणजे ऑगस्टमध्येच जायला हवं, आणि बटण दाबून नाही, स्वतः. अर्जाच्या दोन प्रती ने. एक बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर दे, दुसरीवर पोच घे: शिक्का, तारीख आणि आवक नंबर. देणारा ‘ठेवा, बघतो’ म्हणेल. ‘पोच मिळाली की जाते’ म्हणायचं आणि तिथंच उभं राहायचं.